शाळेचा उंबरठा : इंग्रजी अमदानीतील पुण्याचे धर्मजीवन आणि शिक्षण

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, हे माहेरघर बांधले कोणी, त्याला पैसा कोणी पुरविला आणि त्याच्या दाराशी किती जणांना थांबावे लागले, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच, तर दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक असे की, इंग्रज सरकार आले आणि त्याने शाळा काढल्या. दुसरे असे की, काही थोर पुरुष जन्मास आले आणि त्यांनी समाजाला न जुमानता विद्येचा प्रसार केला. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. सरकारचा हात त्या काळी फार आखडता होता, आणि थोर पुरुष झाला तरी त्याला शाळेसाठी घर, मास्तरांचे पगार आणि आपली मुले धाडणारे पालक लागतातच. ही तिन्ही माणसाला त्याच्या समाजाकडूनच मिळत. समाज म्हणजे त्या काळी जात, पंथ, चर्च, मिशन, पेठ आणि आळी. म्हणून पुण्याच्या शाळांचा इतिहास हा पुण्याच्या धर्मजीवनाचाही इतिहास आहे.

हा इतिहास आज आपण एका साध्या पद्धतीने पाहणार आहोत. प्रत्येक शाळेला तीन प्रश्न विचारायचे. पैसा कोणाचा? मास्तर कोण? आणि उंबरठ्याबाहेर कोण उभे आहे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जुळवीत गेले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. शाळा उभी करण्याचे बळ समाजाने दिले, आणि तिच्या दाराला अडसरही त्यानेच घातला. तो अडसर निघाला तो बहुधा एका समाजाच्या शाळेत शिकलेल्या माणसाने दुसऱ्या समाजाचे काम हाती घेतले तेव्हा.

पंतोजी आणि पाठशाळा

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात विद्या नव्हती असे नव्हे. पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर, देवळात किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत त्या भरत. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी घोकायची, मोडी वळण घटवायचे आणि हिशेब शिकून दुकानात किंवा कचेरीत चिकटायचे, एवढा त्या शिक्षणाचा आवाका. पंतोजीची गुजराण पालकांनी दिलेल्या शिध्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या चार पैशांवर चाले. ज्यांच्या धंद्याला लिहिण्यावाचण्याची गरज, त्यांची मुले तेथे जात. ज्यांना ती गरज नाही असे समाजाने ठरविले होते, त्यांची जात नसत. आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर ओसरीवर चढण्याचीच सोय नव्हती.

दुसरी विद्या पाठशाळेची. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष हे तिचे विषय. गुरु फी घेत नसे. शिष्य त्याच्या घरी राहून शिके, किंवा माधुकरी मागून पोट भरी. ही विद्या ब्राह्मणांपुरती होती आणि तिला राजाश्रय होता. पेशवे दरवर्षी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. त्यासाठी लांबलांबचे शास्त्री-वैदिक पुण्यात येत. हा धर्मादाय होता. पण त्याचबरोबर ती शिक्षणाची एक मोठी तरतूदही होती, हे विसरता कामा नये. आपली कथा ह्या दक्षिणेपासूनच सुरू होते.

दक्षिणेचा पैसा

नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न होता तो ह्या दक्षिणेचे काय करायचे हा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुत्सद्दी मनुष्य. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्याचा विद्वान वर्ग बिथरेल, हे तो ओळखून होता. त्याने दक्षिणा कमी केली, आणि तिच्या पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. हिंदू कॉलेज किंवा पूना संस्कृत कॉलेज म्हणतात ते हेच. पैसा पेशव्यांच्या धर्मादायाचा, शिक्षक जुने शास्त्री, विषय जुनेच आणि विद्यार्थी ब्राह्मण. राज्य बदलले तरी उंबरठा जागचा हलला नव्हता.

ह्याचे कारण एल्फिन्स्टनच्या १८२३ सालच्या शिक्षणविषयक टिपणात सापडते. खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव त्याने तेथे नमूद केला आहे. आणि लगेच इशारा दिला आहे की, नवी विद्या आधी त्यांच्यात रुजली तर ती पुढे पसरणार नाही, कारण बाकीचा समाज तिच्याकडे तुच्छतेने पाहील. आज हे वाचताना राग येतो, आणि तो यावाच. पण त्यातून कळते ते हे की, परकी सत्तासुद्धा शाळा काढताना येथल्या समाजरचनेला विचारूनच पाऊल टाकीत होती.

तथापि एकदा सार्वजनिक झालेला पैसा एका वाटेवर फार काळ राहत नाही. १८३२ मध्ये पुण्यात सरकारी इंग्रजी शाळा निघाली. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या मताच्या तरुणांनी अर्ज केला की, दक्षिणेचा काही भाग चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसादाखल द्यावा, मग तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. जुन्या मंडळींना हा दक्षिणेचा उघड अपहार वाटला. पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज बनले. पुढे १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि १८६८ मध्ये येरवड्याची इमारत तयार झाली तीत सर जमशेटजी जीजीभाई ह्या पारशी घराण्याच्या देणगीचा मोठा वाटा होता. पेशव्यांच्या श्रावणी दक्षिणेपासून निघालेली विद्या पारशी दातृत्वाच्या छपराखाली पोहोचायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

मिशनची शाळा आणि भिडे वाडा

मिशनरी मंडळी पुण्यात आली ती धर्मप्रसारासाठी, हे त्यांनी कधी लपविले नाही. स्कॉटिश मिशनचे लोक प्रथम कोकणात बाणकोट-हर्णैकडे होते. १८३० च्या सुमारास ते पुण्यात आले. त्यांच्या शाळेत बायबल शिकवले जाई. पालकांना ते ठाऊक होते, आणि तरीही बऱ्याच ब्राह्मण घरांतील मुलगे तेथे जात. कारण इंग्रजी तेथे चांगले शिकवीत आणि इंग्रजीने नोकरी मिळे. बाटण्याची भीती एका पारड्यात आणि इंग्रजी दुसऱ्यात, अशी ती ओढाताण होती.

ह्याच शाळेत जोतिराव फुले १८४१ ते १८४७ पर्यंत शिकले. ते तेथे पोहोचले कसे, ही गोष्ट आपल्या विषयाचे सारच सांगते. आरंभी ते मराठी शाळेत जात. पण वडील गोविंदरावांच्या कानाशी कोणी लागले, माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचे, आणि त्यांनी मुलाला शाळेतून काढून बागेच्या कामाला लावले. पुढे शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब ह्या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. म्हणजे माळ्याच्या मुलाला परत शाळेत धाडले ते एका मुसलमान मुन्शीने आणि एका ख्रिस्ती गृहस्थाने. आणि त्या शाळेत त्याचे जिवलग मित्र झाले ते सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर, हे ब्राह्मण.

जोतिरावांनी पुढे काय केले ते पुणेकरांना सांगायला नको. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. परत येऊन १८४८ मध्ये बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा काढली. येथे तीन प्रश्न विचारून पाहा. वाडा ब्राह्मणाचा. काढणारा माळी, मिशनच्या शाळेत शिकलेला. शिकवणारी त्याची पत्नी सावित्रीबाई. तिच्या अंगावर लोकांनी शेण आणि चिखल टाकल्याच्या आठवणी सांगतात. वडिलांच्या घरातून बाहेर पडावे लागल्यावर ह्या दांपत्याला आसरा दिला तो उस्मान शेख ह्यांनी, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. पुढे १८५१ मध्ये अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची आणखी एक शाळा भरू लागली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने जोतिरावांचा सत्कार केला तो विश्रामबागवाड्यात. ज्या वाड्यात एकतीस वर्षांपूर्वी केवळ ब्राह्मणांसाठी पाठशाळा उघडली, त्याच वाड्यात! आणि ह्या शाळांना सरकारी मदत सुरू झाली तीही दक्षिणेच्याच निधीतून.

जोतिरावांनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्यांत शिकलेल्या मुक्ता नावाच्या, सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, अशा आशयाचा तिचा प्रश्न आहे. शाळेचा उंबरठा ओलांडून तीनचार वर्षे झाली नाहीत तोच ह्या मुलीने शाळा घडविणाऱ्या धर्मालाच जाब विचारला. त्या काळच्या शाळांचा इतका मोठा निकाल दुसरा नसेल.

आणि सरकार? सरकार म्हणे, आम्ही तटस्थ आहोत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण ठरले, आणि सरकारी शाळांत धर्मशिक्षण नको हेही कायम झाले. पण ह्या तटस्थतेची परीक्षा झाली ती धारवाडला. १८५६ मध्ये तेथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील, ह्या भयाने मुंबई सरकारने त्याला नकार दिला. वरच्या सरकारला हे पटले नाही, आणि पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. कागदावर दार उघडले. पण पुढे कित्येक वर्षे अशा मुलांना वर्गाबाहेर, ओटीवर बसूनच धडे ऐकावे लागले. समाजाचे मन न वळता नुसता ठराव झाला म्हणजे असेच होते.

लष्करातील शाळा

आता मुठेकाठच्या पेठा सोडून लष्कराकडे वळू. तेथे वस्ती वेगळी होती. गोरे शिपाई, त्यांचे अधिकारी, युरेशियन कारकून, पारशी आणि बोहरी व्यापारी, गोव्याकडील ख्रिस्ती, बगदादी यहुदी आणि ह्या सर्वांच्या चाकरीतले अनेक जातींचे लोक. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला आली आणि ह्या वस्तीत भर पडली. गोऱ्या आणि अर्धगोऱ्या गरिबांची मुले अशीच वाढली तर राज्याला लाज आणि डोकेदुखी होतील, अशी चिंता १८६० मध्ये लॉर्ड कॅनिंगने व्यक्त केली होती. त्यानंतरच्या काही वर्षांतच लष्करात शाळांची रांग लागली. बिशप्स स्कूल १८६४, सेंट मेरीज १८६६, सेंट व्हिन्सेंट १८६७.

येथेही शाळा धर्मानेच वाटून घेतल्या होत्या. बिशप्स आणि सेंट मेरीज अँग्लिकन पंथाच्या, सेंट व्हिन्सेंट कॅथलिक जेझुइटांची. पेठेतल्या जातिभेदावर बोट ठेवणारे साहेबलोक आपली मुले मात्र पंथ पाहून शाळेत घालीत. आम्ही हे टोचून बोलण्यासाठी सांगत नाही. धर्म आणि शाळा ह्यांची गाठ ही केवळ हिंदू समाजाची खोड नव्हती, एवढेच ध्यानात आणून द्यायचे आहे. वसाहतीत आलेल्या लोकांना परमुलखात आपली ओळख टिकवायची होती, आणि त्यासाठी शाळेसारखे साधन नाही, हे त्यांनाही कळत होते.

लष्करात आणखी एक प्रकारची शाळा होती, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कंपनीच्या पलटणींत देशी शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय असे. ह्या शाळांत महार शिपायांना प्रवेश होता, कारण पलटणीत त्यांची गरज होती. रामजी सकपाळ पुण्यातील लष्करी नॉर्मल स्कुलात शिकले आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. त्यांचे पुत्र म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. गावच्या शाळेने जे दिले नसते ते पलटणीच्या शाळेने दिले. पण महारांची लष्करभरती बंद होताच ती वाटही बुजली. राज्यकर्त्यांच्या सोयीवर उभी असलेली शाळा त्यांची सोय संपली की मिटते, हा तिचा धडा.

पेठेची स्वतःची शाळा

१८७० नंतर पुण्यात नवी हवा वाहू लागली. सरकारी शाळा निर्जीव आणि मिशनची शाळा परधर्माची, तेव्हा आपली शाळा आपणच काढावी, हा विचार बळावला. वामन प्रभाकर भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच काळात आपली शाळा चालविली. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक ह्यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढल्या वर्षी गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले.

ह्या शाळेत धर्मशिक्षण नव्हते. तरी तिच्या मुळाशी एक धर्मभावना होती. अल्प वेतन, वीस वर्षे एकनिष्ठ सेवा, बाहेरच्या कमाईचा मोह सोडायचा, हा आजीव सभासदांचा नियम आला कोठून? पाठशाळेतल्या निःशुल्क गुरूची स्मृती त्यात आहेच. पण संस्थापकांपुढे जेझुइटांचाही आदर्श होता, हे खुद्द टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडताना स्पष्ट केले आहे. मिशनच्या शाळेला उत्तर म्हणून जी शाळा निघाली, तिने शिक्षकाच्या त्यागाचा नमुना एका ख्रिस्ती संघाकडून घ्यावा, ह्यात आम्हांला काही कमीपणा वाटत नाही. चांगली गोष्ट प्रतिस्पर्ध्याकडूनही घ्यावी, हे त्या पिढीला कळत होते.

तिच्या पैशाकडे पाहिले तर तो संस्थानिकांचा आणि मध्यमवर्गाचा. फर्ग्युसनचे नाव गव्हर्नराचे. विद्यार्थी मुख्यतः ब्राह्मण. शाळा कोणालाही मज्जाव करीत नव्हती. पण प्राथमिक शिक्षणाची पायरीच जेथे बहुसंख्य समाजाला लाभलेली नव्हती, तेथे इंग्रजी शाळेचे उघडे दार कितीजणांच्या उपयोगी पडणार? हा प्रश्न जोतिरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ च्या आपल्या निवेदनात हंटर कमिशनपुढे मांडला होता. सरकारचा महसूल कुणबी-माळ्यांच्या घामाचा आणि खर्च वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस त्याच कमिशनने केली. म्हणजे कोण बाहेर राहिले आहे ह्याचा हिशेब आता जाहीरपणे मांडला जाऊ लागला होता.

मुलींच्या शाळा आणि विश्वासाचा प्रश्न

समाजाचा वचक खरा दिसतो तो मुलींच्या शिक्षणात. २९ सप्टेंबर १८८४ रोजी रानडे, भांडारकर, मोडक, वागळे इत्यादींनी मुलींचे हायस्कूल काढले. तेच आपले हुजूरपागा. मुलींना इंग्रजी, इतिहास, गणित शिकवावयाचे, तेही दिवसभर, हे पाहून 'मराठा' पत्राने १८८७ मध्ये तक्रार केली की, घरकामाला आणि संसाराला उपयोगी तेवढेच, थोडा वेळ शिकवावे. वाद अभ्यासक्रमाचा दिसतो. खरा प्रश्न होता तो शिकलेली मुलगी कोणाची राहणार, घराची की स्वतःची, हा.

समाजाचा हात किती लांब पोहोचे ह्याचे एक उदाहरण द्यावे लागेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्यांत रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि शेवटी ह्या थोरांपैकी अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या पेल्याने ज्या गावात एवढे वादळ उठते, त्या गावात मुलगी परधर्मीयाच्या शाळेत धाडणे म्हणजे काय, ह्याची कल्पना करावी.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाची गोष्ट ह्याच वर्षांतली. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि सदनाचा पैसा अमेरिकेतून येत असे. मात्र सदनात कोणावर धर्म लादायचा नाही असे ठरले होते. मार्च १८८९ मध्ये ते मुंबईत निघाले आणि १८९० मध्ये पुण्यात आले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो आहे, असा बभ्रा झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंचे कार्य पुढे केडगावला वाढले. पण पुण्याच्या ब्राह्मण विधवांना ती वाट बहुतेक बंद झाली.

येथे दोन्ही बाजू न्यायाने पाहिल्या पाहिजेत. रमाबाईंना आपली श्रद्धा दाराआड लपवायची नव्हती, आणि खोलीचे दार उघडे ठेवण्यात त्यांना गैर वाटत नव्हते. रानड्यांसारख्यांना वाटे की, पालकांचा विश्वास एकदा तुटला की सर्वच मुलींची शाळा बंद पडेल. दोघांनाही मुलींचे भलेच हवे होते. नुकसान झाले ते ज्या मुलींना घरी परतावे लागले त्यांचे, आणि त्यांना कोणी काही विचारले नाही.

परंतु शारदासदनाचे बीज वाया गेले नाही. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई जोशी ही बालविधवा. मार्च १८९३ मध्ये फर्ग्युसनचे गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे ह्यांनी तिच्याशी विवाह केला. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यातून कर्वे एक गोष्ट शिकले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली तेव्हा पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी आश्रमापासून अलग ठेवला, आणि आश्रमाचे आचार पालकांना चालतील असे ठेवले. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. कर्व्यांनी आपली मते सोडली नाहीत. ती आश्रमावर लादली नाहीत, इतकेच. ह्या संयमाने विश्वास मिळाला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. कारण आश्रमाचे दार दीर्घकाळ मुख्यतः एकाच वर्गातल्या विधवांना उघडे राहिले. तरीसुद्धा एवढे खरे की, ख्रिस्ती बाईच्या सदनात शिकलेली मुलगी हिंगण्याच्या गृहिणीपदी बसली नसती तर आजच्या त्या संस्था दिसल्या नसत्या.

दाराशी थांबलेल्यांची शाळा

विसाव्या शतकात उंबरठ्याबाहेरच्यांनी स्वतःच शाळा काढायला आरंभ केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढली. मुलाला गावाहून शहरात आणून शिकवायचे तर त्याला जेवायला आणि निजायला जागा हवी, आणि ती जातीवाचून कोणी देईना, हे त्यांनी ओळखले होते. पुण्यात १९१८ मध्ये बाबूराव जगताप ह्यांच्या पुढाकाराने श्री शिवाजी मराठा सोसायटी निघाली.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे चरित्र तर आपल्या सूत्राचा पुरावाच म्हणावे. जन्म जमखंडीच्या मराठा घरात, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, प्रार्थनासमाजाची दीक्षा, युनिटेरियन पंथाच्या साहाय्याने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे धर्माचा अभ्यास. आणि एवढ्या सगळ्या घरांची विद्या घेऊन १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. १९०८ मध्ये त्याची पुण्यातील शाळा लष्करात सुरू झाली. पुढे नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. पेठेची शाळा आणि परधर्माचे कॉलेज ह्या दोन्हींचे फळ अशा रीतीने तिसऱ्याच समाजाच्या पदरात पडले.

शेवटचा मोठा झगडा सक्तीच्या शिक्षणाचा. १९११ मध्ये गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणले. ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला, आणि पुण्यात प्रश्न उभा राहिला की, सक्ती फक्त मुलग्यांना की मुलींनाही? पैसा अपुरा, तेव्हा आधी मुलगे, असे एक पक्ष म्हणे, आणि टिळकांचे अनुयायी त्या बाजूला होते. मुलींना वगळू नका म्हणून रमाबाई रानडे आणि शिंदे पुढे झाले; १९२० मध्ये पुण्याच्या रस्त्यांवरून बायकांची मिरवणूक निघाली. भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडल्याला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

हिशेब

आता हिशेब मांडू. काही विद्वान म्हणतात, धर्म आणि जात नसती तर शिक्षण कितीतरी लवकर पसरले असते. आम्हांला हे अर्धेच पटते. दक्षिणा, चर्चची वर्गणी, मिशनचा निधी, जातीचे वसतिगृह, पाठशाळेतल्या गुरूचा वारसा ही सगळी काढून घेतली तर त्या शतकातल्या पुण्यात किती शाळा उरतात, ते मोजून पाहावे. पण जे आपल्या समाजाच्या संस्थांचा नुसता अभिमान बाळगतात, त्यांनाही आमचे सांगणे आहे. एकही समाज केवळ आपल्या बळावर शिकला नाही. माळ्याचा मुलगा शिकला त्यात मुन्शीचा हात, पेठेच्या शाळेत जेझुइटांचा नियम, हिंगण्यात शारदासदन, आणि अहिल्याश्रमात फर्ग्युसन आणि ऑक्सफर्ड. ह्या ऋणाच्या वह्या आपण कधी नीट ठेवल्या नाहीत. प्रत्येक संस्थेच्या शतसांवत्सरिक ग्रंथात संस्थापकांची छायाचित्रे असतात. शेजाऱ्याच्या उपकाराला पान नसते.

हा केवळ जुना विषय नाही. भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने दिला, आणि २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. जोतिरावांनी मागितले त्याला तोपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. समाजाची शाळा आणि सर्वांची शाळा ह्या दोन हक्कांचा मेळ घालण्याचे काम आजही आपल्यापुढे आहे. कायदा दार उघडू शकतो. आत आलेल्या मुलाला ओटीवर बसवायचे की वर्गात, हे धारवाडप्रमाणेच आपल्या मनावर राहते.

भिडे वाड्याची मोडकळीस आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्या जागी स्मारक उभारण्याचे ठरले. स्मारक अवश्य व्हावे, आणि त्यावर सावित्रीबाई-जोतिरावांची नावे असावीतच. पण त्यांच्याबरोबर वाडा देणारा, आसरा देणारा, बापाची समजूत घालणारा, आणि मैलभर चालत आलेल्या त्या मुली, ह्यांचीही आठवण तेथे राहावी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये ही वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती शाळेचे वय उलटून गेलेल्यांचीच शाळा म्हणावयाची. तिच्या दाराशी कोणी जात विचारीत नाही, हे चांगलेच आहे. मात्र येथे येऊन ऐकणाऱ्यांत अजून कोण दिसत नाही, हा तिसरा प्रश्न आपण घरी जाताना बरोबर न्यावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.